तपकिरी पाव आणि टोपलीतली भाकर

वर्षभर आमच्या घरात रोज सकाळी चहाच्या वेळी एक पाकीट उघडले जायचे. पाकिटावर गव्हाच्या पिवळ्या ओंब्या, मागे हिरवे शेत आणि वर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत ‘ब्राउन ब्रेड’. आम्ही दोघी जावा त्यातले दोन स्लाइस आत्यांना चहाबरोबर द्यायचो, संध्याकाळी आणखी दोन. साध्या पांढऱ्या पावापेक्षा हा महाग. पण आत्यांच्या औषधपाण्यात कसर करायची नाही, असे दोघा भावांनी ठरवलेले होते. म्हणून महिन्याच्या खर्चाच्या वहीत ‘आत्यांचा पाव’ असे वेगळे टिपण असायचे.

आत्या म्हणजे आमच्या सासूबाई. पंच्याहत्तरी ओलांडली आहे. उभा जन्म विड्या वळण्यात गेला. आता तोंडात दात नाहीत, साखरेचा आजार आहे, रक्तदाबही आहे. डॉक्टरांनी सांगितले होते, “मैद्याचे पदार्थ बंद करा. पाव खायचाच असेल तर ब्राउन खा.” आमच्या सोलापूरची कडक भाकरी सगळीकडे नावाजलेली, पण ती दात असणाऱ्यांसाठी. पाव चहात बुडवला की जिभेवर विरघळतो. म्हणून आत्यांच्या ताटातली भाकरी मागे पडली आणि पाव पुढे आला.

नवी पेठेत आमचे जाणे तसे कापडासाठी. लग्नाचा बस्ता, पोरांचे गणवेश, चौदा एप्रिलची पांढरी साडी, सगळी खरेदी तिथलीच. पावाची सवय लागल्यापासून मात्र दोन-तीन दिवसांआड तिथल्या एका दुकानात आमची फेरी होऊ लागली. दुकानदार ओळखीचा झाला. आम्ही दिसलो की तो न मागता ते पाकीट काढून ठेवायचा.

गेल्या पावसाळ्यात आत्यांची तीन महिन्यांची साखर तपासली, ती वाढलेली निघाली. आम्ही चक्रावलो. गोड बंद, भात मूठभर, पावही ब्राउन. मग साखर वाढतेच कशी? एकमेकींवर संशय घेण्यापर्यंत गोष्ट गेली. थोरलीला वाटले, धाकटी लाडाने आत्यांना गोड चहा देते. धाकटीला वाटले, थोरली शेजारच्या बारशाचा लाडू देऊन आली असेल. घरातल्या बायकांत अशा वेळी काय होते, ते सांगायला नको.

त्याच आठवड्यात धाकटीच्या मुलीला शाळेतून काम मिळाले. घरात येणाऱ्या पाच पाकिटांवरचे घटक वहीत उतरवून आणायचे. पोरगी आठवीत आहे. रात्री ती दिव्याखाली बसून पावाचे पाकीट उलटेपालटे करत होती. अक्षर इतके बारीक की मोबाइलने फोटो काढून मोठा करून वाचावे लागले. वाचता वाचता ती थांबली आणि म्हणाली, “मोठी आई, यात पहिलं नाव मैदाच आहे की!”

आम्हाला वाटले, पोरगी चुकली. थोरलीचे शिक्षण चौथीपर्यंत, धाकटीचे दहावीपर्यंत. इंग्रजी दोघींनाही बेताचेच. पुन्हा वाचायला लावले. पहिला घटक ‘रिफाइन्ड व्हीट फ्लोअर’ आणि पुढे कंसात ‘मैदा’. त्यानंतर आटा 20 टक्के. मग साखर, यीस्ट, ग्लुटेन, तेल, मीठ, काही आकडे आणि शेवटी रंग, 150 ए. ओंब्यांचे चित्र पुढच्या बाजूला मोठे. मैद्याचे नाव मागच्या बाजूला मुंगीएवढे.

आत्या भिंतीला टेकून ऐकत होत्या. आम्ही दोघींनी माना खाली घातल्या. डॉक्टरांनी मैदा बंद करायला सांगितले होते आणि आम्ही वर्षभर जास्तीचे पैसे मोजून त्यांना मैदाच खाऊ घातला होता.

दुसऱ्या दिवशी पाकीट घेऊन नवी पेठ गाठली. दुकानदाराला विचारले, “भाऊ, याच्यात मैदा आहे म्हणं. मग ब्राउन कशाचं?” तो म्हणाला, “अक्का, शुगरवाले सगळे हाच नेतात. आमच्याकडं जसं येतं तसं आम्ही विकतो. मागचं कोण वाचतंय?” तो खोटे बोलत नव्हता. खरोखरच मागचे कुणी वाचत नव्हते. आम्हीही वाचले नव्हते. राग त्याच्यावर काढण्यात अर्थ नाही, हे आम्हाला तिथेच उमगले. आम्ही त्याच्याकडून तीन वेगवेगळी पाकिटे घेतली: एक ब्राउन, एक ‘मल्टिग्रेन’, एक ‘100 टक्के आटा’. आणि तशीच विहाराची वाट धरली.

आमच्या विहारात एक निवृत्त बाई येतात. शाळेत विज्ञान शिकवायच्या. वर्षावासात ग्रंथवाचन झाले की बायकांच्या शंका त्या सोडवतात. आम्ही तिन्ही पाकिटे त्यांच्यापुढे ठेवली. त्या दिवशी आणि पुढच्या दोन-तीन रविवारी आम्ही जे शिकलो, ते आमच्यासारख्या घरांना उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहोत.

पहिली गोष्ट गव्हाच्या दाण्याची. दाण्याचे तीन भाग. वरचा कोंडा साधारण 14 टक्के, अंकुर दोन-तीन टक्के आणि बाकीचा पांढरा गर. चक्कीवर आपण गहू दळून आणतो तेव्हा हे तिन्ही पिठात येतात. मैद्यात कोंडा आणि अंकुर काढून टाकलेले असतात, नुसता पांढरा गर उरतो. तंतू म्हणजे चोथा, ब जीवनसत्त्वे आणि लोह यांचा मोठा वाटा कोंड्यात आणि अंकुरात असतो, तोच निघून जातो. मग कारखान्यांना मैदा का आवडतो? अंकुरात तेल असते, त्यामुळे अख्ख्या गव्हाचे पीठ लवकर खवट होते, मैदा टिकतो. शिवाय मैद्याचा पाव फुगतो छान. कोंड्याचे कण कणकेतले चिकट धागे तोडतात, म्हणून आट्याचा पाव जड होतो. त्याला फुगवण्यासाठी वरून ग्लुटेन घालतात. ग्लुटेन म्हणजे गव्हातलेच चिकट प्रथिन. ते पाहून घाबरायचे कारण नाही. फक्त ज्यांना गव्हाचे वावडे आहे, त्यांनी कोणताच गव्हाचा पाव खाऊ नये.

दुसरी गोष्ट क्रमाची. कायद्याने घटकांची नावे वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावी लागतात. जे सर्वांत जास्त, ते पहिले. एवढे एक सूत्र लक्षात ठेवले तरी निम्मे काम होते. पहिले नाव मैदा असेल, तर तो मैद्याचा पाव. पुढे ओंब्या काढा नाहीतर शेत काढा. नुसते ‘व्हीट’ म्हणजे गहू असे लिहिलेले पाहूनही फसू नये, कारण मैदासुद्धा गव्हाचाच असतो. ‘होल व्हीट’ किंवा ‘आटा’ हा शब्द हवा आणि तो पहिला हवा. शिवाय एखाद्या घटकाचे नाव किंवा चित्र पाकिटावर ठळक मिरवले असेल, तर तो किती टक्के आहे, हे यादीत सांगावे लागते. आमच्या पाकिटावरचे ‘आटा 20 टक्के’ त्याचमुळे छापले गेले होते. कायद्याने कंपनीला खरे लिहायला लावले होते; वाचायचे काम आमचे होते, ते आम्ही केले नव्हते.

मल्टिग्रेनच्या पाकिटावरही पहिला मैदाच निघाला. नाचणी, ओट, जवस ही नावे शेवटी, एकेक-दोनदोन टक्के. शंभर टक्के आट्याच्या पाकिटावर मात्र पहिले नाव आटा होते आणि मैदा कुठेच नव्हता. पण आट्यापुढे आकडा शंभर नव्हता, साठाच्या आत होता. आम्हाला वाटले, हेही लबाड. बाईंनी समजावले, “अहो, पावात पाणी असतं, यीस्ट असतं, तेल-मीठ असतं. शंभर टक्के म्हणजे जे पीठ आहे ते सगळं आट्याचं.” संशय घेणे चांगले, पण संशयाचीही तपासणी करायची असते.

तिसरी गोष्ट रंगाची. 150 हा क्रमांक कॅरामलचा, म्हणजे जाळलेल्या साखरेपासून केलेल्या तपकिरी रंगाचा. तो विषारी नाही, परवानगी असलेला आहे. पण पांढऱ्या मैद्याला तो चढवला की पाव गव्हाळ दिसतो, आणि आपण रंगाला भुलतो. रंगावरून माणसाची पारख करू नये, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पावाचीही करू नये.

चौथी गोष्ट आकड्यांची. 282, 471, 481 असे आकडे पाहून आमच्या मंडळातल्या बायका घाबरल्या. हे आंतरराष्ट्रीय क्रमांक आहेत. 282 म्हणजे कॅल्शियम प्रोपियोनेट. त्याने पावाला बुरशी लवकर लागत नाही. आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात त्याशिवाय पाव दोन दिवसही धड टिकणार नाही. 471 आणि 481 पाव मऊ ठेवतात. 510 आणि 1100 कणीक फुगायला मदत करतात. क्रमांक आहे म्हणून विष आणि ‘नैसर्गिक’ लिहिले म्हणून अमृत, असे दोन्ही समजू नये.

पण म्हणून डोळे मिटूनही बसू नये. त्याचे उदाहरण पावाचेच आहे. पोटॅशियम ब्रोमेट नावाचे रसायन पाव फुगवण्यासाठी आपल्या देशात वर्षानुवर्षे वापरले जात होते. 1999 मध्ये जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने ते माणसात कर्करोगाला कारण ठरू शकेल, अशा वर्गात ठेवले. तरी आपल्याकडे ते चालूच राहिले. मे 2016 मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने दिल्लीतल्या पाव, बनपाव, पिझ्झा, बर्गर यांचे 38 नमुने तपासले. त्यातल्या 84 टक्के नमुन्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेट आढळले. देशभर गाजावाजा झाला आणि पुढच्याच महिन्यात सरकारने पोटॅशियम ब्रोमेटवर बंदी घातली. विचारणारे कुणीतरी निघाले, म्हणून हे घडले.

पाचवी गोष्ट मागच्या तक्त्याची. त्यात दर 100 ग्रॅममागे काय किती आहे, ते असते. तंतूंचा आकडा दिला असेल तर तो पाहावा. 2018 च्या नियमांप्रमाणे ‘तंतूंचा स्रोत’ म्हणवून घ्यायला 100 ग्रॅममध्ये निदान 3 ग्रॅम आणि ‘भरपूर तंतू’ म्हणायला निदान 6 ग्रॅम तंतू लागतात. साखर वेगळी घातली असेल तर ‘अॅडेड शुगर’ म्हणून ती दिसते. आणि रक्तदाबाच्या माणसाने सोडियम जरूर पाहावे. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणले की मीठ निघते. समजा 100 ग्रॅममध्ये 450 मिलिग्रॅम सोडियम आहे, तर चार स्लाइसमध्ये साधारण एक ग्रॅमहून थोडे जास्त मीठ पोटात गेले. जागतिक आरोग्य संघटना दिवसभराला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. पाव खारट लागत नाही, म्हणून त्यात मीठ नाही, असा आमचा समज होता.

याशिवाय बनवल्याची आणि वापराची शेवटची तारीख, आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा 14 आकडी परवाना क्रमांक पाहून घ्यावा. सुटा पाव घेताना पाकीटच नसते. तिथे बेकरीत परवाना भिंतीवर लावलेला आहे का, हे पाहावे आणि पीठ कुठले, हे तोंडाने विचारावे.

एक गोष्ट बाईंनी सांगितली तेव्हा आमची थोडी निराशा झाली. खरा आट्याचा पाव आणला म्हणून साखर आपोआप उतरत नाही. खाल्ल्यावर रक्तातली साखर किती चढते, याचा एक निर्देशांक शास्त्रज्ञ काढतात. ग्लुकोजला 100 धरले, तर पांढऱ्या पावाचा निर्देशांक 75 च्या आसपास आणि बारीक दळलेल्या आट्याच्या पावाचाही 74 च्या आसपास येतो. आट्याच्या पावात चोथा आणि पोषण जास्त, हा त्याचा लाभ. पण चारच्या जागी आठ स्लाइस खाल्ले तर साखर वाढणारच. आजारी माणसाने किती खावे, हे डॉक्टरांनाच विचारावे, पाकिटाला नाही.

आम्ही पुन्हा डॉक्टरांकडे गेलो, पाकीट सोबत नेले. त्यांनी वाचले आणि मोकळेपणाने म्हणाले, “मीही नावावरूनच सांगितलं होतं.” त्यांनी गोळी बदलली आणि पाव कमी करायला सांगितला. घरात आम्ही ज्वारीकडे वळलो. आपल्याच जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मोहोळच्या केंद्रावर निवडलेली मालदांडी देशात नावाजली. आणि आम्ही घरात पोते असताना ओंब्यांच्या चित्रामागे धावत होतो. दात नसले तरी ज्वारीच्या कण्या शिजवून ताकात देता येतात, मऊ भाकरी डाळीत कुस्करून देता येते. ज्वारीचे पीठ कुणी मैद्यासारखे करत नाही, अख्खा दाणाच दळला जातो. तीन महिन्यांनी आत्यांची साखर थोडी खाली आली. गोळीही बदलली होती, त्यामुळे सगळे श्रेय कण्यांना देणे बरोबर नाही. पाव आम्ही अगदी बंद केला नाही. आत्यांना आवडतो, म्हणून आठवड्यातून दोनदा आट्याचा येतो.

पण या सगळ्यात आमच्या मनात राहिले ते आत्यांचे बोलणे. आम्ही माफी मागायला गेलो, तर त्या रागावल्या नव्हत्या. त्यांनी लहानपणची गोष्ट काढली. 1956 पूर्वी त्यांच्या वडिलांकडे येसकराची पाळी यायची. संध्याकाळी टोपली घेऊन घरोघर हाळी घालायची, उंबऱ्याबाहेर उभे राहायचे, वरून भाकर पडायची. सोबत ही सात-आठ वर्षांची पोर.

“टोपलीत काय पडलं ते बघायची सोय नव्हती बाई,” आत्या म्हणाल्या. “ओलं, वाळलं, बुरसलेलं, समदं एकात. माझी आई घरी आणून निवडायची. कसलं हाय म्हून इचारलं, तर दुसऱ्या दिशी तेवढंबी मिळायचं न्हाई. धम्म घेतला आन् बापानं टोपली टाकली. तवा आता आपण पैका मोजून घेतो. मग इचारायला भ्यायचं कुणाला?”

बाबासाहेबांनी मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत शिळे-उष्टे तुकडे सोडायला सांगितले. 1928 मध्ये वतनाच्या जाचाविरुद्ध मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडले. ती वतने संपायला 1958 चा कायदा यावा लागला. ती लढाई पोटाची होती तशीच मानाची होती: मिळेल ते मुकाट्याने गिळायचे नाही. आत्यांच्या एका वाक्याने ती लढाई आमच्या स्वयंपाकघरापर्यंत येऊन पोहोचली. टोपली गेली, पाकीट आले. पण न विचारता खाण्याची सवय आमच्यात राहून गेली होती.

भगवान बुद्धांनी केसपुत्तच्या कालामांना हेच सांगितले होते. ऐकीव आहे म्हणून, परंपरा आहे म्हणून, मोठ्या माणसाने सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पडताळा. पाकिटावरचे चित्र ही ऐकीव गोष्ट आहे. मागची यादी हा पडताळा आहे. आणि चौथे शील केवळ बोलण्यापुरते नाही. मैद्याला रंग देऊन गव्हाची ओंबी दाखवणे हेही सत्याला धरून नाही, मग ते कायद्यात बसत असो.

एक तक्रार मात्र आमची आहे. पाकिटावरचा मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असावा, एवढेच नियमात आहे. मराठी छापायला मनाई नाही, पण सक्तीही नाही. महाराष्ट्रात विकला जाणारा पाव घेणारी बाई मराठी वाचते. तिला समजेल अशा भाषेत आणि दिसेल अशा अक्षरांत घटक छापले पाहिजेत. ही मागणी आपल्या मंडळांनी एकत्र केली पाहिजे. पाकिटावर खोटे काही आढळले, तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.

तोवर आम्ही आमचा मार्ग काढला आहे. दर महिन्याच्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर विहारात बायका घरातली रिकामी पाकिटे घेऊन येतात. पाव, बिस्किटे, तेल, मसाला, काहीही. शाळेत जाणाऱ्या मुली मोठ्याने वाचतात, बाई अर्थ सांगतात, आम्ही ऐकतो आणि मराठीत लिहून घेतो. थोरली आता ‘मैदा’ हा शब्द इंग्रजीतही ओळखते. नवी पेठेतला दुकानदार आम्हाला पाहून हसतो आणि म्हणतो, “अक्का, चष्मा आणला का?”

आम्ही आणलेला असतो.

जयभीम!